आरोग्यविमा : कार्ड कोणाच्या हाती, पैसा कोणाच्या पदरी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. आजारपणापासून स्वतःचे व कुटुंबाचे रक्षण करू पाहणाऱ्या माणसाकडून सरकारने दर शंभर रुपयांमागे अठरा रुपये उकळावेत, ही गोष्ट मुळातच इतकी निर्लज्ज होती की ती आठ वर्षे टिकली याचेच आश्चर्य करावे. ती टिकू नये म्हणून झगडले ते विमा कर्मचारी. नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या निवेदनावरून २०२४ च्या जुलैत एका केंद्रीय मंत्र्याला आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांकडे पत्र लिहावे लागले, विरोधी पक्षांनी संसदेच्या दारात निदर्शने केली आणि मग वर्षभराने कर गेला. सरकारने मात्र त्याची जाहिरात जनतेला दिलेली सणासुदीची भेट अशी केली.

ही भेट कोणाला पोचली हे पाहणे उद्बोधक आहे. करमाफी मिळाली ती वैयक्तिक व कौटुंबिक विमापत्रांना. मालक किंवा संस्था कर्मचाऱ्यांसाठी जो सामुदायिक विमा काढते, त्यावरील कर कायम राहिला. शिवाय विमा कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट यापुढे मिळणार नाही. म्हणजे तो बोजा मूळ हप्त्याच्या आकड्यात हळूच मुरविण्यास वाट मोकळी आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत असे आढळले होते की, आरोग्यखर्चाच्या कोणत्याही योजनेचे संरक्षण ग्रामीण भागात केवळ १४ टक्के आणि शहरी भागात १९ टक्के लोकांना होते. त्यातही सरकारी योजना व कामगार विमा वगळता स्वतःच्या पैशाने विमा विकत घेणारे अगदी थोडे. ज्याने आयुष्यात कधी हप्ताच भरला नाही, त्याला हप्त्यावरील करमाफीचे काय सुख?

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशात आरोग्यसेवेच्या सुधारणा म्हणून जे काही झाले, त्याचा बहुतेक भाग असा आहे. सुधारणा हप्त्यात होते, कार्डात होते, संगणकाच्या नोंदीत होते. दवाखान्यात होत नाही.

विमा हा शब्द कामगार चळवळीला परका नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तो समाजवाद्यांची वाढ रोखण्यासाठी. त्यात वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा होता. झारच्या रशियातील दुमापुढे कामगार विम्याचे विधेयक आले तेव्हा १९१२ च्या जानेवारीत प्राग येथे भरलेल्या पक्षपरिषदेने त्यावर एक ठराव केला. लेनिनने लिहिलेला हा ठराव आजही विमा योजनांचे मोजमाप करण्यास पुरेसा आहे. विमा सर्व मजुरांना व त्यांच्या कुटुंबीयांना मिळावा, अपघात, आजार, वार्धक्य, बाळंतपण अशा सर्व प्रसंगी मिळावा, त्याचा संपूर्ण खर्च मालक व राज्यसंस्था यांनी सोसावा, आणि त्याचा कारभार विमेदार कामगारांच्या हाती असावा, अशा त्यातील मागण्या होत्या. विधेयक या कसोटीला मुळीच उतरत नव्हते. तथापि ते कायदा होताच बोल्शेविकांनी त्याकडे पाठ फिरविली नाही. कारखान्यातील आजारनिधीच्या मंडळांच्या निवडणुका त्यांनी लढविल्या आणि विम्याच्या प्रश्नांना वाहिलेले एक नियतकालिकही चालविले. निषेध आणि सहभाग ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात हे त्यांनी जाणले होते. आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी असे दिसते की, पक्षाची एक शाखा सरकारी आरोग्य योजनांना निव्वळ फसवणूक म्हणून झटकून टाकते, तर शेजारची शाखा कार्डे काढून देण्याची शिबिरे भरवून त्यातच समाधान मानते.

भारतात दोन वाटा जवळजवळ एकाच सुमारास आखल्या गेल्या. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. भा. पु. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले व १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. दुसरीकडे, सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली संपूर्ण देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचाराला मुकू नये, हे त्या आराखड्याचे पायाभूत सूत्र होते, आणि त्यासाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी दवाखान्यांची साखळी उभारावयाची होती. भोर समितीचा मार्ग अर्धवट चालून सोडून देण्यात आला. अदारकरांच्या अहवालातून मात्र १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली.

‘ईएसआय’ या तीन अक्षरांची आज कामगारांतही फारशी किंमत राहिलेली नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही, डॉक्टर आहे तर औषध नाही, औषध आहे तर रांग सकाळपासून दुपारपर्यंत. या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु योजनेची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यानंतर आलेली एकही योजना तिच्या जवळपासदेखील पोचत नाही. येथे उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही. साध्या तापाच्या गोळीपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही तीत येते. विमेदाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. आजारी कामगाराला वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रोख भत्ता मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात तो ८० टक्के दराने आणखी दोन वर्षांपर्यंत वाढविता येतो. आजाराचा खर्च म्हणजे केवळ रुग्णालयाचे बिल नव्हे, तर बुडालेली मजुरी हाही आजाराचाच खर्च आहे, ही गोष्ट ज्या एकमेव मोठ्या योजनेला समजली ती हीच. आणि तिचा पैसा मालकाकडून कायद्याने वसूल केला जातो.

म्हणूनच तिच्यावर घाव घालण्यात आला. २०१९ च्या जुलैपासून केंद्र सरकारने वर्गणीचा दर मजुरीच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला. मालकाचा वाटा ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्के झाला, कामगाराचा १.७५ वरून ०.७५. ही सुधारणा कामगाराच्या हातात अधिक पैसे पडावेत म्हणून केली, असे सांगण्यात आले. हिशेब साधा आहे. महिना २०,००० रुपये मजुरीच्या कामगाराची वर्गणी ३५० रुपयांवरून १५० रुपये झाली. त्याचे दोनशे रुपये वाचले. त्याच कामगारामागे मालकाची वर्गणी ९५० वरून ६५० झाली. त्याचे तीनशे वाचले. अशा एक हजार कामगारांच्या कारखान्याच्या मालकाला वर्षाला ३६ लाख रुपये न मागता मिळाले. ईएसआयच्या निधीत मोठी शिल्लक पडून आहे, असे समर्थन तेव्हा केले गेले. दवाखान्यात डॉक्टर नाही आणि तिजोरीत शिल्लक आहे, तर त्या शिल्लकेचे काय करावयाचे याचे उत्तर शाळकरी मुलालाही देता आले असते.

दुसरा घाव अधिक सावकाश आहे. ईएसआयसाठी मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. २०२५ साल संपले तरी ती तितकीच राहिली. महागाई भत्त्याने, करारातील वाढीने किंवा किमान वेतनाच्या फेररचनेने कामगाराची मजुरी या रेषेपलीकडे गेली, की वर्गणीचा चालू कालावधी संपताच तो योजनेबाहेर पडतो. वर्षानुवर्षे लढून मिळविलेली वेतनवाढ त्याला विम्याच्या छत्राखालून उन्हात ढकलते. मग मालक एखाद्या खासगी कंपनीचा दोन-तीन लाखांचा सामुदायिक विमा काढून देतो आणि कामगाराला ती बढती वाटते. पण नोकरी सुटते त्या दिवशी तो विमाही सुटतो.

खासगी विम्याचा इतिहास आता नव्या पिढीच्या सभासदांना सांगावा लागेल. १९७२ च्या कायद्याने देशातील १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून त्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मेडिक्लेम ही आरोग्यविम्याची योजना १९८६ साली याच सरकारी कंपन्यांनी सुरू केली. पुढे १९९९ च्या कायद्याने विम्याचे दार खासगी भांडवलाला उघडले व २६ टक्के परदेशी भागीदारीस मान्यता मिळाली. ती २०१५ मध्ये ४९ टक्के, २०२१ मध्ये ७४ टक्के झाली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात तर शंभर टक्क्यांची घोषणा झाली. २०२१ च्याच दुरुस्तीने सरकारी विमा कंपन्यांतील सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली नेण्याची सोय करून ठेवण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर युक्तिवाद एकच होता : स्पर्धा वाढेल, हप्ते उतरतील, विमा खेड्यापाड्यांत पोचेल.

हप्ते उतरले नाहीत. ते उतरणार नव्हतेच, कारण खासगी विमा कंपनीचा नफा आजारी माणसाला टाळण्यात आहे. तरुण व निरोगी ग्राहक तिला हवा असतो. वय वाढू लागले, रक्तदाब किंवा मधुमेह जडला, की हप्ता चढू लागतो, आणि माणूस निवृत्त होऊन मिळकत घटते नेमक्या त्याच वेळी तो सर्वांत जड होतो. नियामक प्राधिकरणाला अखेर ३० जानेवारी २०२५ रोजी असा आदेश काढावा लागला की, ज्येष्ठ नागरिकांच्या विम्याचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. स्पर्धेने हप्ते उतरत असते तर हा आदेश कशाला लागला असता? २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल चार वर्षांवरून तीन वर्षे करण्यात आला, पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना नव्याने विमा घेण्याची आडकाठी काढण्यात आली. हे बदल स्वागतार्हच आहेत. परंतु सत्तर वर्षांच्या माणसाला विमा घेण्याचा हक्क मिळाला, आणि तो घेण्याइतके निवृत्तिवेतन मात्र कोणी दिले नाही.

विमापत्रातील बारीक अक्षरांत काय दडलेले असते, याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. तीन लाखांच्या अनेक विमापत्रांत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये असते. रुग्णाला रुग्णालयाने ६,००० रुपयांची खोली दिली (बहुधा स्वस्त खाट शिल्लक नसते म्हणून), तर कंपनी केवळ खोलीभाड्यातील फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषेचा आकार असे जे खर्च खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलतात, ते सर्व ती त्याच प्रमाणात, म्हणजे येथे निम्म्याने, कमी करते. औषधे, शरीरात बसविलेल्या वस्तू व तपासण्या यांना ही कात्री लावता येणार नाही असा नियम २०२० मध्ये झाला एवढेच. रुग्णाच्या नातेवाइकाला हे गणित बिल हातात पडल्यावर कळते. मध्ये त्रयस्थ प्रशासक संस्था असते, जिला व्यवहारात टीपीए म्हणतात; तिचा दूरध्वनी लागतो तेव्हा रुग्ण घरी गेलेला असतो. विमा आहे म्हणून रुग्णालय दर चढविते, दर चढले म्हणून कंपनी हप्ता चढविते, आणि हप्ता परवडत नाही म्हणून विमा सोडणाऱ्याला ते चढलेले दर मात्र रोखीने भरावे लागतात. हे रहाट थांबविणारा रुग्णालयांच्या दरांवरील अंकुश देशात जवळजवळ नाही. २०१० च्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली दर ठरवावेत असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारला बजावावे लागले, यावरूनच काय ते समजावे.

गरिबांच्या विम्याची कथा निराळी आहे, आणि तिच्याविषयी बोलताना अधिक सावधपणे बोलले पाहिजे. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू झाली. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना २००८ मध्ये आली. तीत दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळत व कुटुंबाला नोंदणीचे अवघे ३० रुपये द्यावे लागत. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून आयुष्मान भारत योजनेचा आरंभ झाला : कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये, आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवरून निवडलेली १० कोटी ७४ लाख कुटुंबे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्व वृद्धांना, उत्पन्न काहीही असो, ती लागू झाली. त्याआधी २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपली योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय केला होता.

या कार्डामुळे ज्या शेतमजुराच्या हृदयावरील शस्त्रक्रिया झाली, ज्या मोलकरणीच्या कर्करोगावर जमीन किंवा दागिने न विकता उपचार झाले, ज्या वृद्धाला आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीकरणाची सोय मिळाली, त्याच्यापुढे जाऊन ही योजना म्हणजे शुद्ध फसवणूक आहे असे सांगणारा कार्यकर्ता आपलेच नुकसान करून घेईल. उपचार खरे आहेत. प्रश्न असा आहे की, ते विकत कोणाकडून घेतले जातात, कोणत्या आजारासाठी मिळतात, आणि कोणत्या माणसाला मिळत नाहीत.

बहुतेक राज्यांत आता विमा कंपनीऐवजी सरकारी न्यासामार्फत ही योजना चालते, त्यामुळे सर्व पैसा विमा कंपन्यांच्या घशात जातो ही जुनी टीका आज तशीच लागू पडत नाही. परंतु दाव्यांपोटी दिल्या जाणाऱ्या रकमेचा निम्म्याहून मोठा भाग खासगी रुग्णालयांकडे जातो. जे पैसे जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियागृह उभे करण्यास लागावयाचे, ते शहरातील खासगी रुग्णालयाच्या खाटा भरण्यास लागतात. पुढच्या वर्षी जिल्हा रुग्णालय अधिक दुबळे झालेले असते आणि खासगी रुग्णालयाची गरज अधिक भासते. ग्रामीण भागात तर यादीतले रुग्णालयच जवळपास नसते. गडचिरोलीच्या आदिवासीच्या हाती पाच लाखांचे कार्ड आहे, आणि ते वठविण्यासाठी त्याला नागपूर गाठावे लागत असेल, तर प्रवासाचा, बरोबरच्या माणसाच्या राहण्याचा व दोघांच्या बुडालेल्या मजुरीचा भार त्याच्याच डोक्यावर पडतो. ठरलेले दर परवडत नाहीत, सरकारकडून थकबाकी येत नाही, अशी कारणे देऊन खासगी रुग्णालये नको असलेले रुग्ण परत पाठवितात किंवा बाहेरून औषधे आणावयास लावतात.

ज्या शस्त्रक्रियेत पैसा आहे ती मात्र नको तेथेही होते. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या काळात बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथे गरीब स्त्रियांची गर्भाशये वैद्यकीय कारणावाचून काढली गेल्याची प्रकरणे उघडकीस आली. विम्याची रक्कम हे त्यामागील एक उघड कारण होते. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय देऊन अशा शस्त्रक्रियांवर देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांना लागू करण्यास सांगितले. मराठी वाचकांना येथे बीड आठवल्यावाचून राहणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत २०१९ साली तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. तेथे बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या किंवा कर्जाच्या पैशातून झाल्या. एकीकडे पैसा सरकारी कार्डाचा होता, दुसरीकडे उचलीचा. शरीर दोन्हीकडे कष्टकरी स्त्रीचेच, आणि निर्णय दोन्हीकडे ज्याला शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात त्याचाच. सरकारी पगारावरील एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ जवळच्या ग्रामीण रुग्णालयात बसत असती, तर यांतील किती स्त्रिया साध्या औषधाने बऱ्या झाल्या असत्या!

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने आयुष्मान योजनेच्या कारभाराचे जे चित्र पुढे आणले ते हास्यास्पद वाटावे असे आहे. एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाला, ज्यात नऊ हा आकडा दहा वेळा येतो, सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले होते. आधीच्या उपचारात मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे नंतरच्या उपचारांचे ६ कोटी ९७ लाख रुपये चुकते झाले होते. जिवंत मजुराचे नाव २०११ च्या यादीत नाही म्हणून त्याला खाट मिळत नाही, आणि मृतावर उपचार होतात.

‘लाभार्थी’ या शब्दाकडेही थोडे लक्ष द्यावे. ईएसआयच्या कायद्यात कामगार हा ‘विमेदार’ आहे. त्याने वर्गणी भरली आहे, त्याचा हक्क आहे, महामंडळावर त्याच्या संघटनांचे प्रतिनिधी बसतात. आयुष्मान योजनेत तो ‘लाभार्थी’ झाला. त्याला पंतप्रधानांच्या नावाचे पत्र येते. विमेदार हिशेब मागतो. लाभार्थ्याने आभार मानावयाचे असतात.

शिवाय या सर्व योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसापुरत्या आहेत. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच आयुष्मान योजनेची पोच. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, मुलाचा ताप, कंबरदुखी, महिन्याकाठच्या तपासण्या, हे कष्टकरी घरातील वैद्यकीय खर्चाचे नेहमीचे तोंड. तेथे कार्ड चालत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडून दिलेल्या माणसाला पक्षाघात झाला, की मग पाच लाखांचा विमा त्याच्या सेवेस हजर होतो.

सरकार याला उत्तर म्हणून राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतील आकडा पुढे करते : एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. घट झाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण २०२१-२२ हे महासाथीचे वर्ष होते. त्या वर्षी सरकारी खर्च फुगून राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्क्यांवर गेला होता, तर कुटुंबांच्या खर्चाचा अंदाज २०१७-१८ च्या पाहणीवरून पुढे वाढवीत आणलेला होता. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च अडीच टक्क्यांवर नेण्याचे जे वचन दिले, त्याचा उल्लेख या आकड्यांशेजारी कोणी करीत नाही. त्याच २०१७-१८ च्या पाहणीत आणखी एक आकडा होता, जो कोणत्याही मंत्र्याच्या भाषणात येत नाही : बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. सातपट. गरिबाला खर्चापासून वाचविण्याचे जे सर्वांत स्वस्त साधन देशापाशी आहे, ते हेच.

विम्याच्या मार्गाने अगदी टोकापर्यंत गेलेल्या अमेरिकेचा दाखला येथे पुरेसा बोलका आहे. तेथे २०१० च्या कायद्याने कोट्यवधी लोकांना विमा मिळाला, हे खरे. परंतु तो मिळाला खासगी कंपन्यांच्या हप्त्याला सरकारी अनुदान जोडून. २०२१ मध्ये वाढविलेले हे अनुदान चालू ठेवावे की नाही यावरून २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस केंद्र सरकारचे कामकाज बंद पडले, आणि वर्षअखेर ते वाढीव अनुदान संपलेच. ज्याचे छत्र दरवर्षी संसदेतील मतमोजणीवर अवलंबून असते, त्या माणसाला विमेदार म्हणावे की भाडेकरू, असा प्रश्न पडतो. १९४८ मध्ये इंग्लंडने कंपन्यांना वगळून थेट राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली होती. तिच्यावर नंतर कितीही घाव पडले तरी तेथील रुग्णाला उपचारासाठी अद्याप घर गहाण टाकावे लागत नाही.

आपल्या देशातही अनुभव आहे. तामिळनाडूने १९९० च्या दशकाच्या मध्यावर सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी एका महामंडळाकडे एकवटली आणि साधी औषधे दवाखान्यातच मोफत मिळू लागली. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१७ मध्ये आर्द्रम् मोहीम हाती घेऊन प्राथमिक केंद्रांचे कुटुंब आरोग्य केंद्रांत रूपांतर करण्यास प्रारंभ केला. डॉक्टर व परिचारिका वाढविल्या, आणि मजुराला कामावरून परतल्यावर जाता यावे म्हणून बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी उघडा ठेवला. केरळातही विमा योजना आहे, खासगी रुग्णालयेही पुष्कळ आहेत. फरक असा की, तेथे कार्ड हे दवाखान्याची जागा घेण्यासाठी आलेले नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टरांनी संप करून मोठ्या भागाला त्यातून सूट मिळविली, हाही अनुभवच होय.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेची अंमलबजावणी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी घोषित झाली आहे. चार कामगार संहितांना संघटित कामगारांचा विरोध आहे व तो राहणारच. पण या संहितेने ईएसआयचे क्षेत्र कागदोपत्री देशभर वाढविले आहे, दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना स्वेच्छेने येण्याची मुभा दिली आहे, घरपोच माल पोचविणाऱ्या व भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्या मंचकामगारांसाठी कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली आहे. स्वेच्छा मालकाची आहे, तोवर छोट्या कारखान्यातला कामगार बाहेरच राहील. आणि मंचकामगाराला मिळणार ते ईएसआयचे पूर्ण छत्र की आणखी एक आयुष्मान कार्ड, हे सरकारच्या योजनेवर ठरेल. सुरत व इंदूरच्या कापडधंद्यात, हैदराबाद व बेळगावच्या छोट्या कारखान्यांत ज्या मराठी कामगारांचा आपल्या कामगार संघटनांशी संबंध आहे, त्यांच्यापुरता तरी हा प्रश्न लगेच हाती घेता येईल : कंत्राटदाराने किती जणांची नोंद केली, पगारातून कापलेली वर्गणी भरली की नाही, विमा क्रमांक कामगाराच्या हातात आहे काय. ईएसआयच्या स्थानिक समित्यांवर कामगार प्रतिनिधींसाठी जागा असतात. दवाखान्यात औषध का नाही हे विचारण्याची ती अधिकृत जागा आहे. आणि मजुरीच्या मर्यादेचा २१,००० हा आकडा संहितेत नाही. तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर सोपविलेला आहे, म्हणजे तो बदलण्यासाठी संसदेचे अधिवेशन भरण्याची वाट पाहावी लागत नाही.